जागा धरलेला थैला

विमानात चढल्यावर श्रावण उंदिरवाडेनं तेच केलं जे आरमोरीच्या एसटी स्टँडवर जन्मभर केलं होतं. खिडकीजवळची मोकळी जागा हेरली आणि आपला थैला तिच्यावर टाकला.

जागा धरण्याचा हा कायदा झाडीपट्टीत कुणी लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडायची छाती भल्याभल्यांची होत नाही. दुपट्टा टाका, टोपी टाका, तंबाखूची डबी टाका, जागा तुमची. आमदाराचा भाचा जरी आला तरी तो वर उभा राहून शिव्या घालेल, पण दुसऱ्याच्या थैल्याला बोट लावणार नाही. श्रावणच्या हातात विमानाचं कार्ड होतं आणि त्यावर जागेचा आकडाही होता. पण आकडे एसटीतल्या जागांवरही रंगवलेले असतात. त्यांना विचारतो कोण?

थैला टाकून तो दाराकडे परत फिरला, कारण त्याच्या सोबतचा मुखरू कुमरे अजून शिडीवरच होता. साठीचा हा गोंड माणूस, उभा जन्म सागवान चिरण्यात गेलेला. मागं वीस माणसं खोळंबली होती आणि हा विमानाच्या पत्र्यावर हात फिरवत होता.

"गार्डबाबू, ह्या पत्र्याले खिळे किती मारले पाय," मुखरू म्हणाला. "एक खिळा ढिला झाला त खाली कोन जाईन पायाले?"

"तू वर चढ न, मुखरूभाऊ. लोक शिव्या देऊन राह्यले."

आत आल्यावर साडीतल्या एका पोरीनं दोघांची कार्डं पाहिली आणि त्यांना मागच्या रांगेत नेऊन बसवलं. श्रावणनं बोट दाखवलं. "बाई, तिकडं जागा धरली न मी." ती हिंदीत म्हणाली, "बैठिए, बैठिए, बेल्ट बांधिए." श्रावण बसला. एसटी सुटेस्तोवर कंडक्टरही असाच कटकट करतो. गाडी एकदा रस्त्याला लागली की माणूस उठतो आणि धरलेल्या जागेवर जाऊन बसतो. थैला सात रांगा पुढं होता. घाई काय?

तेवढ्यात त्या खिडकीच्या जागेचा मालक आला. सुटाबुटातला माणूस. थैला बघून त्यानं पोरीला हाक मारली. तिनं आधी इंग्रजीत विचारलं, मग हिंदीत विचारलं, मग कर्ण्यावरून आवाज आला की एक लावारिस थैला मिळाला आहे, ज्याचा असेल त्यानं हात वर करावा. श्रावणनं ते ऐकलं. पण लावारिस म्हणजे ज्याला कुणी धनी नाही तो. त्याच्या थैल्याला धनी होता आणि तो थैला धन्यानं ठेवला तिथंच होता. दुसऱ्या कुणाचा तरी हरवला असेल असं समजून तो मुखरूच्या पट्ट्याकडे वळला. मुखरू पट्टा बांधू देत नव्हता.

"मले बांधून काऊन ठेवते? मी का चोर हाओ?"

"सगळ्यायले बांधते, भाऊ. थ्या सायबाले बी बांधला पाय."

"त मंग सगळेच चोर असन."

हे चालू असताना थैला पुढच्या दारानं खाली गेला, दार लागलं आणि विमान उडालं. पट्टे सुटल्यावर श्रावण उठून पुढं गेला. त्या जागेवर सुटातला माणूस पेपर वाचत होता. श्रावणनं पोरीला गाठलं. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"वो आपका था? आपने बोला क्यूं नहीं? वो तो नागपूर में उतार दिया!"

श्रावण तिथंच मधल्या वाटेत उभा राहिला. त्या थैल्यात त्याची नोकरी होती.

श्रावण जंगलखात्याचा गार्ड. गावातले लोक नाकेदार म्हणतात. गेलं सव्वा वर्ष तो निलंबित होता आणि आता बडतर्फीचा आदेश निघाला होता. आरोप असा की त्याच्या हद्दीत ठेकेदारानं चाळीस सागवान जास्तीचे पाडले आणि श्रावणनं लाच खाऊन त्यांच्यावर शिक्का मारला. हे शिक्क्याचं प्रकरण जंगलाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. प्रत्येक गार्डजवळ एक हातोडा असतो. हातोड्याच्या तोंडावर त्याचं अक्षर आणि आकडा कोरलेला असतो. झाड पाडल्यावर उरलेल्या बुंध्याच्या तोंडावर हातोडा हाणला की लाकडात अक्षर उमटतं आणि झाड सरकारमान्य होतं. श्रावणचा शिक्का 'ग ७'. चाळीसच्या चाळीस बुंध्यांवर 'ग ७' होतं.

श्रावणनं तो हातोडा हाणला नव्हता. ठेकेदारानं लोहाराकडून नकली करून घेतला होता. हे सगळ्या गावाला ठाऊक, वरच्या साहेबाला ठाऊक, साहेबाच्या ड्रायव्हरला तर सगळ्यांत आधी ठाऊक. पण ठाऊक असण्याला सरकारात किंमत नाही. शिवाय गार्ड बौद्ध. तो वर तोंड करून बोलतो, साहेबाच्या घरी पाणी भरत नाही, चौदा एप्रिलला सुट्टी मागतो. असा माणूस सापडला की सोडत नाहीत.

पण लोहारानं एक गाढवपणा केला होता. लाकडावर अक्षर सुलटं उमटायला हवं असेल तर हातोड्यावर ते उलटं कोरावं लागतं. लोहारानं सुलटं कोरलं. त्या हातोड्यानं दोन बुंध्यांवर घाव बसले आणि दोन्हीवर 'ग ७' आरशातल्यासारखा उलटा उमटला. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, लोहाराला दोन थोबाडीत बसल्या आणि दुसरा हातोडा बनला. ती दोन झाडं पाडणारा करवत्या होता मुखरू. बुंधे नाल्याच्या उतारावर होते, वेलींनी झाकलेले, म्हणून चाळिसाच्या मोजणीतून सुटलेले. श्रावणवर बालंट आलं तेव्हा मुखरू आपणहून त्याच्या घरी आला. "गार्डबाबू, दोन बुंधे उलटे हायेत," म्हणाला. दोघांनी जाऊन दोन्ही बुंध्यांच्या वरच्या चकत्या करवतीनं कापून आणल्या.

पहिली चकती श्रावणनं चौकशीत वरच्या हापिसात जमा केली. बाबूनं पोच दिली नाही, "साहेब आले की देतो" म्हणाला. महिनाभर त्या चकतीवर बाबूचा पाण्याचा माठ ठेवलेला होता, हे श्रावणनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या तारखेला साहेब म्हणाले, कोणती चकती? अशी काही वस्तू आमच्याकडे आलीच नाही.

आता मुंबईत सचिवांपुढं शेवटचं अपील होतं. सुनावणीची तार चार दिवस उशिरा गावात पोचली. सुनावणी दुसऱ्या दिवशी अकराला. रेल्वेनं पोचणं शक्य नव्हतं. आरमोरीचे गुणवंतराव मास्तर म्हणाले, विमानाचं मी पाहतो, तू फक्त चकती हातातून सोडू नको. म्हणून दुसरी चकती जुन्या लुगड्यात गुंडाळून थैल्यात, आणि थैला हातात. विमानतळाच्या दारावर झडतीवाल्या पोलिसानं ती टकटक वाजवून पाहिली होती आणि हसून सोडली होती. सबंध प्रवासात श्रावणनं तो थैला एकदाच हातातून खाली ठेवला. मुखरूला बाहेरचं दिसावं म्हणून.

मुंबईला उतरल्यावर साडेतीन वाजले होते. कंपनीच्या काउंटरवर टाय लावलेला एक ऑफिसर होता. मराठीच होता, पण श्रावणची बोली ऐकून त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"टॅग दाखवा."

"टॅग नाई जी. हातातला थैला होता."

"हातातल्या सामानाची जबाबदारी कंपनीची नसते. तिकिटामागे छापलंय, वाचा."

"थे इंग्रजीत छापलं हाये. आन् माह्या हातातून हरपला असता त तुमच्याजवळ आलोच नसतो. तुमच्या बाईनं उतरवला. तिनंच सांगतलं मले."

"टॅग नाही, नोंद नाही. नोंद नाही म्हणजे आमच्या लेखी बॅगच नाही."

 अशीच एक वस्तू याआधी एका हापिसात 'आलीच नाही' झाली होती. तरी श्रावणनं स्वतःला आवरलं. ऑफिसरनं एक फॉर्म पुढं सरकवला. वस्तूचं वर्णन, या रकान्यात श्रावणनं लिहिलं, 'सागवानाची चकती, एक'. ऑफिसरनं वाचलं आणि शेजारच्या काउंटरवरच्या बाईला दाखवलं. ती तोंडावर हात धरून हसली.

"लाकूड?" ऑफिसर म्हणाला. "अहो, विमानानं लाकूड आणलंत? मुंबईत वखारी आहेत की! हे बघा, फार तर वजनावर काहीतरी भरपाई देता येईल. किती किलो होतं तुमचं लाकूड?"

मग श्रावण बोलला. ओरडला नाही. पण काउंटरच्या रांगेतले सगळे ऐकत राहिले.

"मी जंगलचा गार्ड हाओ, सायेब. एखाद्या बाईच्या डोस्क्यावरची मोळी उतरवली न, तरी मले कागद करावा लागते. कोनाची मोळी, किती काड्या, कुठी उतरवली, दोन पंच कोन. असा कागद केला त थे जप्ती होते. नाई केला त थे चोरी होते. आमच्या खात्यात अर्धे लोक कागद करत नाईत, म्हनून अर्धे लोक चोर हायेत. मी नाव घेऊन सांगतो कोन कोन. आता तुमी सांगा. तुमच्या बाईनं माहा थैला उतरवला. खाली कोनाच्या हाती देल्ला? त्यानं सही केली का? केली असन त कागद दाखवा. नसन केली त मी चोरीची रपट लिवतो, आन् चोर म्हनून तुमचं नाव टाकतो. नाव का म्हनलं तुमचं?"

ऑफिसरचा हात छातीवरच्या नावाच्या पट्टीवर गेला.

"तुम्ही धमकी देताय? पोलिसांना बोलवीन मी."

"बोलवा न जी. मले पोलिसच पायजे."

एवढं बोलून श्रावण वळला आणि काउंटरला लागून असलेल्या सामान तोलायच्या काट्यावर जाऊन बसला. मांडी घालून बसला. मुखरूनं एकदा काट्याकडे, एकदा श्रावणकडे पाहिलं आणि तोही शेजारी टेकला. काट्याची सुई गरकन फिरून एकशे दहावर थांबली.

"दोघं मिळून एवढेच?" मुखरू म्हणाला. "आमच्या ठेकेदाराले बसवलं त काटा तुटन."

रांगेतला कुणीतरी हसला. पण पुढच्या विमानाचं सामान तोलायचं होतं आणि काटा अडला होता. एक जाड बाई आपल्या तीन पेट्यांसकट ओरडायला लागली. श्रावणवर नव्हे, कंपनीवर. मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अहो, नागपूरला फोन लावायला काय जातं तुमचं? गरीब माणूस आहे." श्रावणला ते 'गरीब' आवडलं नाही.  दोन शिपाई आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तेही म्हणाले, साहेब, फोन लावा ना.

ऑफिसर आत गेला. तासभर आला नाही. मधून मधून काचेमागं तो फोनवर दिसायचा. आधी खुर्चीवर टेकून बोलत होता. मग सरळ बसला. मग उभा राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात टेलेक्सचा लांब कागद होता आणि त्याच्यासोबत त्याचा वरिष्ठ होता.

"कोण आहात तुम्ही?" वरिष्ठानं विचारलं. "काय होतं त्या बॅगेत?"

"लिवलं न मी. सागवानाची चकती."

झालं होतं असं. आदल्या वर्षी दिल्लीत ट्रान्झिस्टरचे स्फोट झाले होते आणि तेव्हापासून बेवारशी वस्तू दिसली की सगळ्यांची गाळण उडायची. विमान उडून गेल्यावर नागपूरला एका हमालानं थैला उघडून पाहिला. लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल, जड. दारावरचा सकाळपाळीचा झडतीवाला पोलिस ड्यूटी संपवून घरी गेलेला. हमालानं थैला टाकून धूम ठोकली. मग थैल्याभोवती वाळूची पोती रचली, वरून पाण्याच्या बादल्या ओतल्या आणि फौजदारानं लांब काठीनं लुगडं उलगडलं. निघालं लाकूड. पण लाकडावर खोल ठसलेली खूण होती आणि ती कोणत्याच ओळखीच्या लिपीत बसेना. फौजदाराला वाटलं, गुप्त खूण आहे. त्यानं काही म्हणता काही सोडलं नाही. चकतीचं माप घेतलं, फोटो काढला, दोन पंच बोलावले आणि पंचनामा लिहिला. वरिष्ठ तोच टेलेक्स इंग्रजीतून मराठी करत वाचू लागला.

"गोल लाकडी तुकडा, व्यास चौदा इंच, सागवान. मध्यभागी हातोड्यासारख्या वस्तूनं ठोकलेली खूण. खूण अनोळखी लिपीत. हवालदारानं तुकडा मुतारीतल्या आरशापुढे धरून पाहिला असता आरशात 'ग ७' असे सुलटे वाचता आले. मूळ अक्षरे उलटी आहेत. हेतू संशयास्पद. तुकडा पंचांसमक्ष मोहरबंद करून पोलिस ताब्यात ठेवला आहे." त्यानं मान वर केली. "हे उलटं का लिहिलंय? कुणाला पाठवायचा होता हा निरोप?"

श्रावण काट्यावरून उठला. "अखीन एकडाव वाचा," म्हणाला.

वरिष्ठानं पुन्हा वाचलं. 'मूळ अक्षरे उलटी आहेत' आल्यावर श्रावणनं हात वर करून त्याला थांबवलं आणि मग सगळी हकीकत सांगितली. हातोडा, लोहार, चाळीस झाडं, माठाखालची पहिली चकती, उद्याची सुनावणी. वरिष्ठ माणूस वाईट नव्हता. ऐकून झाल्यावर त्यानं टाय सैल केला.

"नागपूर पोलिसांशी मी बोलतो. ते सोडायला तयार होतील. पण आजचं विमान गेलं. उद्याच्या विमानानं मागवतो, साडेतीनला तुमच्या हातात पडेल. सुनावणी तेवढी पुढं ढकलून घ्या."

मुखरूला हायसं वाटलं. "घ्या, गार्डबाबू. भेटला थैला."

श्रावणनं टेलेक्सच्या कागदाकडे पाहिलं. सव्वा वर्ष जिच्यासाठी तो उशाशी हात ठेवून झोपला होता ती चकती उद्या हातात येणार होती. हातात आली की ती सचिवाच्या टेबलावर ठेवावी लागणार. टेबलावरून ती बाबूच्या कपाटात जाणार. आणि साहेबाचा वकील उभा राहून म्हणणार, उंदिरवाडेनंच घरी बसून हातोडा बनवला आणि काल रात्री लाकडावर हाणला. तेव्हा हा गार्ड काय उत्तर देणार होता?

"मले थैला नको," तो म्हणाला.

"काय?"

"थैला नको. तिथीच राहू द्या, पोलिसात, मोहर लावून. मले हा कागद पायजे. तुमच्या सहीनं, तुमच्या शिक्क्यानं. वर लिवा का मी थैला वापस घेतला नाई आन् तुमी देल्ला नाई. कोनत्या विमानातून, किती वाजता, कोनी उतरवला थे बी लिवा."

"गार्डबाबू, पागल झाले का?" मुखरूनं त्याचा दंड धरला. "पोलिसायनं जाळून टाकली म्हंजे?"

"जाळन त जाळन, भाऊ. कागद तीन जागी गेला. पोलिसात एक, इथी एक, नागपूरच्या विमानवाल्यायजवळ एक. खोटं बोलाचं असन त तिघायले संगं मिळून बोला लागन. तिघं सरकारी लोक एका दिवसात एक झाले असं मी त पाह्यलं नाई."

टाय लावलेला ऑफिसर टाइप करायला बसला. 'मोहरबंद' या शब्दावर अडला, तेव्हा श्रावणनं तो त्याला सांगितला. सही झाली, शिक्का बसला. श्रावणनं शिक्क्याची शाई वाळेस्तोवर कागद हातात आडवा धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी अकराची सुनावणी बाराला सुरू झाली. टेबलामागं सचिव, एका बाजूला गावाकडून आलेला वरचा साहेब आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला श्रावण आणि मुखरू. वकिलानं सुरुवातच अशी केली की अपीलकर्ता एका काल्पनिक लाकडाच्या तुकड्याबद्दल वर्षभर बोलतो आहे, तो त्यानं आजवर हजर केलेला नाही आणि आजही तो रिकाम्या हातानं आलेला आहे.

"रिकाम्या हातानं नाई जी," श्रावणनं कागद पुढं ठेवला.

वकिलानं डोकावून पाहिलं. "हा तर विमान कंपनीचा कागद आहे! याचा जंगलाशी काय संबंध?"

"म्हनूनच आनला. जंगलाशी संबंध असनारे कागद जंगलात जिरते."

सचिवांनी चष्मा लावून कागद वाचला. 'मूळ अक्षरे उलटी आहेत' इथं ते अडखळले. त्यांनी विचारलं, उलटी म्हणजे काय? श्रावणला सांगावं लागलं नाही. सचिवांच्या हाताशी त्यांचा रबरी शिक्का पडलेला होता. तो उचलून त्यांनी त्याच्या तोंडावरची अक्षरं पाहिली, मग कागदावरचा ठसा पाहिला, मग पुन्हा शिक्का पाहिला. मग साहेबाकडे पाहिलं.

"तुमच्या खात्याच्या हातोड्यानं असा ठसा उमटू शकतो का?"

साहेब म्हणाले, तपासून सांगावं लागेल.

"हो की नाही?"

"नाही, सर."

मुखरूला साक्षीला उभं केलं. त्यानं बुंधे कुठं आहेत, कुणी पाडायला सांगितले, लोहाराचं गाव कोणतं, त्याला कुणी मारलं, सगळं सांगितलं. वकिलानं विचारलं, तू तर ठेकेदाराचा मजूर, आता त्याच्याविरुद्ध कसा बोलतोस? मुखरू म्हणाला, "झाड मी कापलं, सायेब. शिक्का मी नाई मारला. जेवढं केलं तेवढं सांगतो." वकील खाली बसला.

सचिवांनी टंकलेखकाला मजकूर सांगितला. बडतर्फीचा आदेश स्थगित. नागपूर पोलिसांकडील मोहरबंद वस्तू परस्पर या कार्यालयात मागवावी, विभागीय कार्यालयामार्फत नव्हे. नकली हातोड्याबाबत गुन्हा नोंदवावा. पहिल्या चकतीचं काय झालं, याचा खुलासा संबंधित अधिकाऱ्यानं पंधरा दिवसांत करावा. श्रावणनं नक्कल मागितली आणि ती हातात पडेपर्यंत तो खोलीतून हलला नाही.

बाहेर व्हरांड्यात वरचा साहेब एकटाच उभा होता. वकील निघून गेला होता. साहेबानं श्रावणला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाला, "फार लांब मजल मारलीस, उंदिरवाडे. पण नोकरी परत मिळाली तरी करणार कुठं? कुणाच्या हाताखाली?"

"तुमच्याच, सायेब," श्रावण म्हणाला. "तुमी राह्यले त."